मोठ्या दिव्याखाली

३ फेब्रुवारी

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. खरं तर उभ्यानेच, कारण हॉस्पिटलनं मला दिलेल्या डार्करूममध्ये साष्टांग घालायचा म्हटला तर पाय दाराबाहेर जातील. तू बरी असशील. दुकान चालू असेल आणि गिऱ्हाइकांवर डाफरणंही चालू असेल. मी मजेत. बाबा बरे आहेत.

नोकरी लागली म्हणून तू पाठवलेला तुझा कॅमेरा रोज गळ्यात असतो. काम तू म्हणालीस तसंच आहे, कोणी हसून बघत नाही. जखमा, टाके, सुजलेले सांधे, आणि शिकणाऱ्या डॉक्टरांसाठी ऑपरेशनचे फोटो. माझ्या आधीच्या फोटोग्राफरला सर्जननी भर ऑपरेशनमधून बाहेर काढलं होतं. त्याच्या कॅमेऱ्यातला आरसा दर फोटोला खाटकन वाजायचा आणि साहेबांची टाका घालताना तंद्री मोडायची. तुझ्या कॅमेऱ्यात आरसाच नाही, म्हणून मी अजून टिकून आहे.

आता अडचण सांगते, नाहीतर म्हणशील कामाशिवाय पत्र लिहिते. (कामाशिवाय कधी लिहिलंय मी तुला? लिहायला हवं होतं.)

ऑपरेशनच्या खोलीत वर तो मोठा गोल दिवा असतो. मी पेशंटच्या डोक्यामागे स्टुलावर उभी राहते, म्हणजे दिवा जवळजवळ माझ्या कपाळावरच येतो. फाइंडरच्या मधोमध जो छोटा चौकोन आहे ना, ज्यात एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात आणि रिंग फिरवून त्या एकमेकींवर आणायच्या, तो चौकोन दिव्याखाली गेलं की पांढरा पडतो. दुधात बुडाल्यासारखा. दोन प्रतिमा सोड, एकही दिसत नाही. डोळा जरा डावीकडे सरकवला तर क्षणभर परत येतो, तेवढ्यात सर्जनचा हात पुढे गेलेला असतो. मग मी अंदाजाने रिंग फिरवते आणि निम्मे फोटो धूसर येतात. त्यात माझा चष्मा. डोळा आयपीसला टेकत नाही, मधल्या फटीतून मागच्या पांढऱ्या फरशांचा उजेड शिरतो. तू मला लहानपणी ढापणी म्हणायचीस, त्याची किंमत आता कळतेय.

यावर काही महागडं यंत्र असेल तर सांगू नकोस, हॉस्पिटल घेणार नाही. तुझ्या खणातलं काहीतरी सांग.

घाई अशासाठी, की लवकरच एक मोठं ऑपरेशन आहे. पोटातल्या मुख्य रक्तवाहिनीला फुगवटा आलाय. तेवढा भाग काढून तिथे कृत्रिम नळी शिवायची. इथे हे पहिल्यांदाच होतंय, नळी बाहेरून यायची आहे, ती आली की तारीख ठरेल. सर्जनना पहिल्या कापापासून शेवटच्या टाक्यापर्यंत सगळे फोटो हवेत. ते नीट आले नाहीत तर दुसरी नोकरी बघा, असं त्यांनी फार गोड आवाजात सांगितलंय. पेशंट छप्पन्न वर्षांचा आहे. तसा धडधाकट, जिने चढायचा, ओझी उचलायचा. कोणाला वाटणारही नाही की आत असं काही आहे.

फुगवटा मध्येच फुटला तर काय, असं मी विचारलं. साहेब म्हणाले, मग फोटोची गरज पडणार नाही.

उत्तर लवकर लिही. बाबांना तुझा नमस्कार सांगू का, असं विचारणार होते. नको, राहू दे.

तुझी,
ढापणी

१४ फेब्रुवारी

ती. आत्यास,

नमस्कार, आणि आज खरोखर कोपरापासून. पाकीट पोचलं. उघडलं तर आत नळाचा वायसर, धुरकट चिकटपट्टीची गुंडाळी, आणि फोटोच्या कागदाच्या पाकिटातला तो काळा कागद. सोबतच्या पत्रात तब्येतीचं एक अक्षर नाही. “वायसर आयपीसला बसव. नळाचा आहे म्हणून लाजू नकोस.” एवढंच. तू प्रेमपत्रं लिहिली असतीस तर तीही अशीच लिहिली असतीस.

वायसर फिट्ट बसला. चष्मा आता रबराला टेकतो, काचेला ओरखडा नाही, आणि मागचा फरशांचा उजेड पार बंद. निम्मं काम तिथेच झालं. मग तू सांगितलंस तसं कॅमेऱ्याच्या समोरच्या तीन छोट्या खिडक्यांपैकी मधल्या, दुधी काचेच्या खिडकीवर अर्ध्या भागात पट्टी लावली. कडेच्या छोट्या खिडकीला हात लावलास तर तोडून टाकीन, असं तू लिहिलं होतंस, म्हणून तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. दिव्याखाली चौकोन परत दिसायला लागला. थोडा फिका, पण दोन प्रतिमा स्पष्ट. मी स्टुलावर एकटीच हसले, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना वाटलं मलाच भूल चढली.

इथवर छान. पुढचं वाचताना बसून घे.

तिसरी गोष्ट म्हणजे ती काळ्या कागदाची झडप. फ्लॅश अडकवायच्या खाचेत बसवायची, टोपीच्या पुढच्या झापेसारखी, म्हणजे वरचा उजेड खिडक्यांवर थेट पडत नाही. तू लिहिलं होतंस, अंगठ्याएवढी काप. मला वाटलं, जास्त सावली तर जास्त चांगलं. मी चांगली लांबलचक कापली आणि चिकटपट्टीने बसवली. सरावासाठी हर्नियाचं साधं ऑपरेशन होतं. फाइंडरमधून इतकं लख्ख दिसत होतं की मी खुशीत अख्खा रोल संपवला.

फिल्म धुतली तर काचेसारखी कोरी. दिव्याच्या गरमीनं पट्टी सैल झाली होती आणि झडप लोंबून बरोबर भिंगासमोर आली होती. आपल्या कॅमेऱ्यात आपण भिंगातून बघतच नाही, शेजारच्या खिडकीतून बघतो. भिंगासमोर पडदा आला तरी आपल्याला नाटक पूर्ण दिसतं. एकदोन फोटोंत खालच्या कडेला थोडासा हर्निया आलाय, तो तुला पाठवते आठवण म्हणून.

सर्जन ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. ऑपरेशन-थिएटरच्या मोठ्या सिस्टर मात्र मनसोक्त बोलल्या. चिकटपट्टीनं लटकवलेली कुठलीही वस्तू उघड्या पोटावर चालणार नाही, तिचा एवढासा तुकडा आत पडला तर पेशंटचं, तुझं आणि माझं एकदमच आटोपेल, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं बरोबर आहे. म्हणून विचारते, झडप अशी कशी बसवू की ती जन्मात लोंबणार नाही? आणि दुसरं, तोंडावरच्या मास्कमधून श्वास वर येतो आणि चष्मा, आयपीस दोन्हींवर वाफ धरते. यावरही तुझ्या खणात काही असेल का?

आता एक सांगायचंय. परवा मी कॅमेरा जेवणाच्या टेबलावर विसरले. बाबांनी पाहिला. तुझा आहे हे त्यांना विचारावं लागलं नाही. लगेच हात लावला नाही त्यांनी. आधी मला विचारलं, “आत रोल आहे का?” मी नाही म्हटलं, तेव्हा उचलला. बराच वेळ मांडीवर घेऊन बसले. वायसरवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, हे ताईचंच डोकं.

तुम्ही दोघं तो विषय काढत नाही, म्हणून मीच काढते. आजोबा गेले तेव्हा मी दारात उभी होते. तू खाटेच्या पायथ्याशी, डोळ्याला हाच कॅमेरा. शेवटचे श्वास चालू होते आणि तू थांबली नाहीस. बाबांनी तुझ्या हातातून तो हिसकावला, मागचं झाकण उघडलं आणि सगळी फिल्म खिडकीतल्या उन्हात ओढून काढली. तुला माणूस दिसत नाही, चौकट दिसते, असं म्हणाले. तू त्याच दिवशी निघून गेलीस. ते म्हणाले ते चूक होतं की बरोबर, हे मला अजून ठरवता येत नाही. पण त्या रोलमध्ये आजोबांचे शेवटचे फोटो होते, आणि ते बाबांनाही आता हवे असतात, हे मला माहीत आहे. त्यांनी कधी सांगितलं नाही. मी घरात राहते, मला कळतं.

बाबा हल्ली दुपारचे पडून असतात. जरा थकवा. वयच झालं.

झडपेचं तेवढं लवकर कळव. अगदी लवकर.

तुझी,
ढापणी

२३ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र आज आलं. मोजून दोन वाक्यं. “झडपेचं नंतर सांगते. पेशंट कोण आहे?”

मी आधी ठरवलं की लिहावं, आहे कोणी तरी, तुला काय करायचंय. मग ठरवलं की सर्जनच्या स्वभावावर दोन पानं लिहावीत. तशी लिहिलीही, चांगली झाली होती, फाडून टाकली. नंतर मास्कच्या वाफेबद्दल लिहायला बसले. तुझ्यासारखी बाई समोर नसताना तिला चकवणं इतकं अवघड जाईल असं वाटलं नव्हतं.

बाबा आहेत.

पोटात दुखतं म्हणून दाखवायला नेलं, तर हा फुगवटा निघाला. मी ज्या हॉस्पिटलात काम करते तिथेच होणार, कारण आसपास दुसरीकडे कोणी करत नाही. सर्जनना माहीत आहे मी मुलगी आहे. त्यांनी मला मोकळं करायची तयारी दाखवली होती, दुसरा कोणी फोटोग्राफर मिळाला तर. मिळाला नाही. नोकरीचं मी तुला लिहिलं ते खरं आहे, पण त्याची मला खरंच काही पडलेली नाही.

हे तुला का कळवलं नाही ते सांगते. सर्जन बाबांकडे फोटोंची परवानगी मागायला गेले तेव्हा मी तिथेच होते. बाबांनी आधी परवानगीचा कागद उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, “काढायचेच असतील तर माझ्या बहिणीला बोलवा. तिचा हात हलत नाही.” साहेबांनी विचारलं, कुठे असते बहीण? तर बाबा खिडकीकडे बघत म्हणाले, राहू द्या, लांब असते. बाहेर आल्यावर मला दम दिला, तिला एक अक्षर कळवायचं नाही. ती आजाऱ्याला बघायला येईल, मला भेटायला येणार नाही, असं म्हणाले. डॉक्टरांनी त्यांना कशाचाही ताण द्यायचा नाही असं बजावलंय, म्हणून मी हो म्हटलं.

मग माझ्या डोक्यात आलं की तू न येताही तुझा हात आणता येईल. पत्रातून एकेक गोष्ट विचारून घ्यायची, तुझ्यासारखं शिकायचं, आणि त्या दिवशी बाबांना सांगायचं की ताईनंच काढलेत समजा. वेडेपणा आहे, कळतंय मला. पण गेले काही दिवस मी त्याच्यावर जगतेय.

आज सकाळी पुन्हा सराव केला. झडप लावलीच नव्हती. तरी वायसर आणि पट्टीवर भागलं. चौकोन स्वच्छ दिसत होता, दोन्ही प्रतिमा एकमेकींवर अगदी चपखल. आणि सगळे फोटो हललेले आले, एकूण एक. ऑपरेशनच्या वेळी पेशंटचं तोंड पडद्याआड असतं ना. दिसतं ते फक्त पोट, दिव्याखाली. ते कोणाचंही असू शकतं. मला ते बाबांचं दिसायला लागलं आणि हात स्थिर राहिला नाही. आत्या, यावर तुझ्या खणात काही नाहीये.

नळी आली. दोन मार्चला सकाळी घेणार आहेत. सर्जनना मी विचारलं की वाचायची शक्यता किती, तर त्यांनी स्पष्ट सांगितलं की टेबलावरून परत येतील असं ते वचन देणार नाहीत.

तू ये. कॅमेऱ्यासाठी ये म्हणत नाही. फोटो निघाले नाहीत तरी ऑपरेशन होणारच आहे. त्यांना टेबलावर नेतील त्याच्या आधी तू त्यांच्यासमोर उभी राहायला हवीस. त्यांनी तुला बोलावलं आहे, फक्त ते चुकीच्या माणसाजवळ बोलले. तू अजून रागावलेली असशील तर रागावलेलीच ये. भांडा हवं तर. पण मग हळू आवाजात भांडा, ताण चालत नाही.

बाबांना मी काही सांगितलेलं नाही. तू आली नाहीस तर त्यांना कधी कळणारही नाही की मी बोलावलं होतं. तेवढं ओझं मी ठेवते माझ्याकडे.

वाट बघते.

ढापणी

२ मार्च

आत्या,

तू दाराच्या आत आहेस आणि मी बाहेरच्या बाकावर. दहा-बारा पावलांचं अंतर आहे आणि मी तुला पत्र लिहितेय. दुसऱ्या कोणाला लिहू? हातांना काही काम दिलं नाही तर मी ते दार ठोठावीन.

काल तू भेटायच्या वेळेत आलीस, हातात एक पिशवी, अंगावर दुकानातलाच ढगळ कोट. मी जिन्यात धावत आले तर म्हणालीस, वायसर उलटा बसवलायस, दाखव इकडे. मी तुला मिठी मारली असती, पण तू आधीच खोलीचा नंबर विचारत होतीस.

खोलीत काय झालं ते तुला माहीत आहे, तरी मला लिहून ठेवायचंय. बाबा उशीला टेकून बसले होते. तुला पाहिलं आणि पांघरूण नीट करायला लागले, शाळेत मास्तर आल्यावर मुलं शर्ट खोचतात तसे. तू पायथ्याशी जाऊन उभी राहिलीस आणि एकदम बाजूला झालीस. कदाचित जागा ओळखीची वाटली असेल. उशाशी गेलीस. सलाइनच्या नळीकडे आपण तिघंही एवढ्या कुतूहलानं बघत होतो की जणू ती आत्ताच शोध लागलेली वस्तू आहे.

मग बाबांनी विचारलं, “ताई, रोल भरलास का?”

तू म्हणालीस, “भरलाय. आणि या वेळी तुला ओढून काढता येणार नाही. तुझे दोन्ही हात बांधलेले असतील.”

बाबा हसले. पोटाला धक्का लागू नये म्हणून हाताने पोट धरून हसले, आणि हसता हसता रडायला लागले. मी घाबरले, ताण नको म्हणून. तू मला म्हणालीस, जा, पाणी आण. पाणी खोलीतच होतं. मी तरीही गेले. परत आले तेव्हा तू त्यांच्या खाटेवर बसली होतीस आणि दोघं आजोबांच्या कुठल्याशा फजितीवर बोलत होतात. दार लोटून मी बाहेरच थांबले. किती तरी वर्षांनी बाबांचा तो आवाज ऐकला, धाकट्या भावाचा.

आज सकाळी तू झडप सिस्टरांना दाखवलीस. अंगठ्याएवढी, पत्र्याच्या तुकड्याला दोऱ्यानं शिवलेली, तो तुकडा खाचेत सरकवलेला, चिकटपट्टी कुठेच नाही. सिस्टरांनी ओढून पाहिली, कॅमेरा उलटा धरून हलवून पाहिला, आणि मान डोलावली. मास्कची वरची कड तू नाकावर पट्टीनं चिकटवून घेतलीस, म्हणजे वाफ वर जाणार नाही. सर्जन म्हणाले, सावली पाडू नका. तू म्हणालीस, तुम्ही मध्ये डोकं घालू नका. मला वाटलं, झालं, आता ऑपरेशन राहिलं बाजूला. पण ते हसले. दार बंद झालं.

तेव्हापासून मी इथे आहे. मघाशी एक नर्स पळत बाहेर आली, रक्ताच्या बाटल्या घेऊन पळत आत गेली. माझ्याशी ओळख आहे तिची, रोज चहा एकत्र घेतो. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. नंतर आणखी एक जण गेला, तोही पळत. मी वरच्या ओळी तेव्हा लिहिल्या, म्हणून अक्षर असं आहे. शटरचा आवाज येतो का म्हणून कान देऊन बसले होते. तुझ्या कॅमेऱ्याचा आवाज भिंतीपलीकडे यायचा नाही हे मला माहीत आहे, तरी बसले होते.

मध्ये मी लिहायचं थांबले. मोठ्या सिस्टर आत्ता बाहेर येऊन गेल्या.

त्यांनी सांगितलं, जुना फुगवटा उघडताना रक्त थांबेना. बाबांचं ब्लडप्रेशर पार खाली गेलं. सगळ्यांची धावपळ सुरू झाली आणि तू स्टुलावरून उतरलीस. कॅमेरा गळ्यात तसाच सोडलास. भूल देणाऱ्या डॉक्टरांना विचारून बाबांच्या कपाळावर हात ठेवलास आणि तिथेच उभी राहिलीस. रक्त आटोक्यात आलं, नळी शिवायला घेतली, सगळ्यात महत्त्वाचा भाग, ज्याच्यासाठी एवढा आटापिटा. सर्जननी विचारलं, फोटो? तू हलली नाहीस. त्यांनी पुन्हा, जरा चढ्या आवाजात विचारलं, फोटो?

तू म्हणालीस, “तो माझा भाऊ आहे.”

सिस्टर म्हणाल्या, त्यानंतर कोणी फोटोचं नाव काढलं नाही. शेवटचे टाके चालू आहेत. नळीतून रक्त वाहतंय. बाबांच्या दोन्ही पायांची नाडी हाताला लागते, त्यांनी स्वतः बघितली.

मी बाकावर बसून मोठ्यानं रडले आणि समोरच्या माणसानं मला त्याचा रुमाल दिला. तो अजून माझ्याकडेच आहे.

माझी नोकरी बहुतेक गेली. जाऊ दे. बाबा शुद्धीवर येतील तेव्हा तुला रोलचं विचारतील, विचारल्याशिवाय राहणार नाहीत. मी काही बोलणार नाही. अर्धा रोल कोरा का आहे, ते तूच सांग त्यांना.

तुम्हा दोघांची,
ढापणी